गाडीभोवती एक फेरी

"मास्तर, हे काय झालं हो?" नर्सबाईंनी दोन्ही हात वर केले. तळवे कोळशासारखे काळे. पांढराशुभ्र गणवेश कमरेपाशी काळा. मधेच नाक खाजवले असावे, कारण तेही काळे.

मास्तरांची नजर गाडीच्या बंपरकडे गेली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांचा एक नेम होता. शिकणाऱ्याने थेट आत बसायचे नाही. आधी गाडीवर तळहात टेकवून तिच्याभोवती एक फेरी घालायची. पुढचा बंपर, दारांच्या पट्ट्या, मागचा बंपर. "जिच्या भरवशावर रस्त्यावर उतरायचं, तिची आधी विचारपूस करावी," असे ते सांगत. आणि काल त्याच बंपरना, त्याच पट्ट्यांना त्यांनी स्वतः डबीभर बूटपॉलिश चोळले होते!

"क्लच शिकायला आले होते, मास्तर. धुराडं साफ करायला नाही," असे म्हणत नर्सबाई हसत सुटल्या, म्हणून निभावले.

मास्तर तरी काय करणार? ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंनी बजावले होते, "नवी गाडी येतेय. हिचं इंजिन ठणठणीत आहे, मान्य. पण हे काळं प्लास्टिक बघा, राख फासल्यासारखं झालंय. लोक तोंड फिरवतात. शनिवारी बघायला येते. रूप पालटलं तर ठेवू, नाहीतर भंगारात." नवी गाडी बिनक्लचची, तिच्यासाठी शिक्षकही नवा. गाडी गेली की मास्तरही घरी. हे बाई बोलल्या नव्हत्या, पण मास्तरांना ते ऐकू आले होते.

संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली तेव्हा बायको कुणाचे तरी केस कापत होती. घराच्या पुढच्या खोलीतच तिचे दुकान. मास्तरांची कैफियत ऐकून ती कात्रीसकट बाहेर आली.

"अहो, बुटाला लावायचं ते गाडीला? आणि त्याआधी काय लावलंत?"

"टूथपेस्ट."

"अगंबाई! चूळ भरायला पाणी दिलंत की नाही तिला?"

"टोमणे पुरे. उपाय असेल तर सांग."

"टोमणा रोख, उपाय मागाहून," असे म्हणून तिने पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने साबणाचे पाणी आणि व्हिनेगर आणले. पॉलिशचा काळा लोंढा गटाराकडे गेला आणि खाली उघडे पडले ते करडे, रापलेले प्लास्टिक. मग तिने तेलाची बाटली आणली आणि खिडकीतून वायर सोडून केस वाळवायचा ड्रायर बाहेर घेतला.

"तेल थापायचं नसतं, जिरवायचं असतं. केसांचं असो नाहीतर हिचं. मी ऊब देते, तुम्ही थेंब चोळा. आणि मग पुसा. फडकं कोरडं निघेपर्यंत पुसा."

एका हातात ड्रायर, ओठांत देवाचे नाव. मास्तर चोळत राहिले, पुसत राहिले. आणि वीतभर जागेतून काळा रंग असा वर आला, जणू तो आतच बसून होता, कुणी प्रेमाने हाक मारायची वाट पाहत. मास्तरांनी नकळत हात जोडले.

"माझ्यापुढे जोडताय की गाडीपुढे?"

"जिथे पोचतील तिथे."

पुढच्या कोपऱ्यावर एक खोल ओरखडा होता. बायकोने नखे घासायची कानस पुढे केली. "हा सपाट करून टाकू?"

"त्याला हात लावू नकोस," मास्तर म्हणाले. इतक्या घाईने, की ती थबकली आणि कानस खिशात घातली.

शनिवारी मालकीणबाई आल्या. गाडी उन्हात झळकत होती. बाईंनी डोळे बारीक केले. "बूटपॉलिशचं कानावर आलंय माझ्या," असे म्हणून त्यांनी पर्स टपावर ठेवली, तळहात बंपरवर टेकवला आणि निघाल्या. दारांच्या पट्ट्या झाल्या, मागचा बंपर झाला, पलीकडची बाजू झाली. मास्तर मागोमाग.

फेरी पुरी होता होता कोपऱ्यावर बोट अडकले.

"हा... अजून आहे?"

"शाळेचं फाटक, ताई. तुमचा गाडी शिकण्याचा पहिला आठवडा."

बाईंना वडील आठवले. ते तेव्हा मालक होते, आणि रागीट होते. "तुम्ही बाबांना सांगितलंत, चूक माझी, पोरीची नाही."

"ब्रेक माझ्याही पायाखाली होता की."

बाईंनी तळहात उलटा करून पाहिला. स्वच्छ होता. पुन्हा एकदा पाहिला, आणि तोच हात पुढे केला.

"किल्ली द्या."

त्या चालकाच्या जागी बसल्या. मास्तर वळसा घालून शेजारच्या, आपल्या जागी येऊन बसले. पाय आपोआप शिक्षकाच्या बाजूच्या जोडब्रेकवर गेला. इंजिन पहिल्या हाकेला उठले.

"सोमवारी नर्सबाईंना याच गाडीवर बोलवा," बाई म्हणाल्या आणि गिअरला हात घातला.

"आरसा, ताई," मास्तर म्हणाले.

मालकीणबाईंनी निमूटपणे आरसा नीट केला.