दह्याचा फेरा

कापसाची पहिली वेचणी दह्याशिवाय होत नाही, हे चुडामणच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. दिवाळी उरकली, बोंडं उकलली, की एक दिवस ठरायचा. त्या दिवशी सगळं घर गाड्या जुंपून शेतात जायचं. बांधाच्या कडेला पाच खडे मांडून सीतामायची पूजा व्हायची. कपाशीच्या झाडांना सूत गुंडाळायचं, दहीभात सगळ्या शेतात शिंपडायचा, आणि मग पहिलं बोंड वेचायचं. दही जसं घट्ट नि पांढरं, तसा कापूस यावा म्हणून. याला सीतादही म्हणत.

या सगळ्याची मुखत्यार होती चुडामणची बायको धनुबाई. तिचे नियम दोनच, पण लोखंडाचे. एक, सीतामायच्या आधी कोणी घास तोंडात घालायचा नाही. मग तो म्हातारा असो की दुधाच्या दातांचा. दोन, दह्यात काही खोट झाली तर आठ दिवसांनी पूजा पुन्हा करायची, आणि तोवर घरातल्या कोणी गावची शीव ओलांडायची नाही. मागे एकदा गाडगं सांडलं होतं, तेव्हा चुडामणचं सारंगखेड्याच्या बाजारी जाणंही तिने बंद केलं होतं. तो आठ दिवस ओट्यावर बसून बैलांशी बोलत होता.

या वर्षी दह्याचं गाडगं कमलबाईच्या मांडीवर आलं.

कमलबाई धाकटी सून. माहेर तापीच्या पलीकडे, रनाळ्याला. दिवाळीला नणंद गजराबाई नंदुरबारहून पोरांना घेऊन येणार म्हणून सुनेला माहेरी जाता आलं नव्हतं. तिकडे तिची बहीण दिवली पहिलं बाळ घेऊन आलेली, आणि दोघी बहिणींची दोन वर्षांत गाठ नाही. शेवटी धनुबाईने तोंड उघडलं होतं, "सीतादही होऊ दे. मंग जाय. आठ दिन."

त्याच दिवशी कमलबाईने भावाला निरोप धाडला. नवलने सांगून पाठवलं, की पूजेच्या दिवशी मी गाडी पलीकडच्या काठाला सोडून नावेने येतो. शेवटची नाव दिवस बुडायच्या आत सुटते, तेव्हा तयार राहा. आणि आठ दिवसांची काळजी करू नको. सातव्या दिवशी तुला ताप येईल. ताप पौर्णिमेपर्यंत उतरायचा नाही.

तेव्हा कमलबाईचं गाठोडं गाडीच्या तळाशी कडब्याखाली होतं आणि जीव नदीच्या पलीकडे.

पुढच्या गाडीत सासू, सासरे, नणंद, आणि जाऊ जसोदाबाई तिच्या तान्ह्या पोरीला घेऊन. मागच्या गाडीत कमलबाई, भाकरींचं गाठोडं, भाताचं पातेलं, दह्याचं गाडगं आणि पाच पोरं. गाडी तिचा नवरा लोटन हाकत होता. पोरांत मोठी कौतिका, नणंदेची, सात वर्षांची; नंदुरबारची रेल्वे रोज पाहते म्हणून बैलगाडीला नावं ठेवणारी. जसोदाबाईचा धुडकू पाच वर्षांचा. आणि त्याच्या पाठचा झिपरू, तीन वर्षांचा. उरलेले दोघे कौतिकाचे धाकटे भाऊ. घरात तान्ही आल्यापासून झिपरू काकूजवळच निजायचा. त्याला वाटे, काकू ही आपल्यासाठीच केलेली आहे.

"मामी, भूक लागनी," कौतिका म्हणाली.

"सीतामाय जेवू दे आधी."

"सीतामाय कवय जेवस?"

"तुन्ही आजी म्हनी तवय," लोटन पुढून म्हणाला आणि एकटाच हसला.

हवा गोड होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी गाडीच्याही वर गेली होती. मध्येच एखाद्या वावरात मिरची लाल होऊन लोंबत होती. पोरं ज्वारीची पानं ओरबाडत होती, पिपाण्या करत होती.

नाल्यापाशी गाडी वाळूत बसली. बाया-माणसं उतरली म्हणजे बैल ओढतात, हे नेहमीचंच. कमलबाईने गाडगं कौतिकाच्या मांडीवर ठेवलं.

"याले हात नको लावू. कोनाले लावू बी देऊ नको. समजनं?"

"समजनं."

ती उतरली आणि नाल्याचा काठ चढून वर गेली. तिथून तापी दिसत होती. पलीकडच्या काठावर, निंबाखाली, एक गाडी सोडलेली होती. बैल पांढरे होते. तिच्या बापाचे बैलही पांढरेच. इतक्या लांबून दोन पांढरे ठिपके, पण तिला त्यांची शिंगंसुद्धा दिसली. ती डोळ्यांवर हात धरून उभी राहिली ती राहिलीच. लोटनने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे खाली आली. तोवर गाडी नाला ओलांडून पलीकडे गेली होती.

गाडगं कौतिकाच्या मांडीवर जसंच्या तसं होतं. फडकंही बांधलेलं होतं. फक्त गाठ कमलबाईने मागे मारली होती, ती आता पुढे आली होती.

तिने गाडगं उचललं. हलकं लागलं. फडकं सोडलं. आत तळ दिसत होता, आणि तळाला बाजरीच्या भाकरीचे चार कण चिकटले होते.

"कोनी खादं?"

पोरांनी तोंडं वर केली. पाचांच्याही ओठांवर पांढऱ्या मिशा.

"कौतिका! तुले सांगं व्हतं ना, हात नको लावू?"

"हात नही लावा मामी," कौतिका ठामपणे म्हणाली. "भाकर बुडाईसन खादं."

"अन् यासले कसं खाऊ दिनं?"

"त्यासनी बी हात नही लावा."

लोटनने मागे वळून पाहिलं, गाडग्यात पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा बैलांच्या शिंगांकडे पाहू लागला. आईच्या नियमांपुढे तो कधी बोलला नव्हता, आज बोलेल असं नव्हतं.

कमलबाईने दिवस मोजले. आठ दिवस शीव ओलांडता येणार नाही. आठ दिवसांनी दिवली तिच्या सासरी निघून गेलेली असेल. पांढरे बैल निंबाखालून रिकामी गाडी घेऊन परत जातील. तिला रडू येईना. राग यावा तर पोरं सकाळपासून उपाशी. शेवटी हातातलं काही निसटू लागलं की कोणतीही बाई करते तेच तिने केलं. पिण्याच्या पाण्याची कळशी घेतली, गाडग्यात थोडं पाणी घातलं, हाताने कडा खरवडल्या, आणि ते पांढुरकं पाणी भाताच्या पातेल्यात ओतून भात कालवला.

"बोलजा नका रे," तिने पोरांना सांगितलं. पाचही डोकी हलली.

शेतात धनुबाईने आधीच जागा सारवून ठेवली होती. पाच खडे मांडले, कुंकू लावलं. जसोदाबाईने कपाशीच्या पाच झाडांना सूत गुंडाळलं. कमलबाईने पातेलं पुढे केलं आणि पदर ओढून मागे उभी राहिली.

धनुबाईने मूठभर भात उचलला. दहीभात मुठीत धरला की गोळा व्हायला हवा. हा बोटांच्या फटींतून गळून पडला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा गळाला.

"कमल, हाई दही शे का पानी?"

 गजराबाई म्हणाली, "म्हैस आटेल व्हई, माय."

"म्हैस मी दोही. इरजन मी लावं. सकाळे गाडगं उलटं धरं असतं तर दही पडतं नही, असं व्हतं."

तेव्हा झिपरू आजीच्या लुगड्याला धरून पुढे झाला. आजीला दही सापडत नाही, हे त्याला पाहवेना. त्याने सदरा वर केला आणि पोटावर थाप मारली.

"आजी, दही आठे शे."

बांधावर बसलेल्या चुडामणने तोंडातली चिलीम काढली. मग एकच गलका झाला. गजराबाई म्हणाली, धुडकूनेच सुरुवात केली असेल, तो पहिल्यापासून खादाड. जसोदाबाई म्हणाली, गाडगं कोणाच्या मांडीवर होतं ते विचारा. कौतिका रडत रडत म्हणत होती, हात नही लावा, हात नही लावा.

"चूप!" धनुबाई म्हणाली, आणि सगळं चूप झालं. कपाशीतली पाखरंसुद्धा. ती कमलबाईकडे वळली.

"तू काय करी ऱ्हायनी व्हती?"

"नदी देखी ऱ्हायन्तू," कमलबाई खाली मान घालून म्हणाली. "भाऊनी गाडी दिसनी."

"दही खादं ते पोरेसनं. पानी टाकं ते तुन्हं."

"हो, आत्याबाई."

धनुबाईने हात झटकला. खड्यांकडे पाहिलं. पाच पोरांकडे पाहिलं. चुडामण हळूच म्हणाला, "पोरं उपाशी व्हतात. इतलुसा जीव. माले बी भूक लागेल शे, खरं सांगू तर."

"तुम्ही बोला नका."

मग ती खाली बसून सांडलेली शितं एकेक वेचून पातेल्यात टाकू लागली. कमलबाईने मनातल्या मनात गाठोडं कडब्याखालून काढून घरच्या फळीवर परत ठेवूनही टाकलं.

"दही गयं कोठे?" धनुबाई शेवटी म्हणाली. "वाया गयं का? नही. सांडनं का? नही. पोटमा शे. दही शेतमा फिराले जोईजे ना? मंग फिरवा. पोटसकट फिरवा. एक एक पोरगं उचला. सगळी शीव धरीसन फेरा. अन् फेरा पुरा व्हस नही तवलग कोनी मुतानं नही. दही शेतभर फिरनं पाहिजे, एका जागे नही!"

बारा बिघे शेत. चुडामणने कौतिकाला खांद्यावर घेतलं, तशी तिचं रडणं थांबलं. रेल्वेपेक्षा उंच बसायला मिळालं होतं. लोटनने धुडकूला घेतलं. गजराबाईने आपल्या धाकट्याला. जसोदाबाईकडे तान्ही होतीच, तरी तिने एक कडेवर मारलं. उरला झिपरू, अंगाने लहान पण दह्याने जड. तो धनुबाईने स्वतः उचलून कमलबाईच्या खांद्यावर ठेवला.

"हाई तुन्हं ओझं."

सगळ्यांपुढे धनुबाई, हातात सुताची गुंडी. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून ती पोरांच्या पोटांना कापसाचं बोंड लावी आणि म्हणे, "सीतामाय, यासना पोटमा शे ते दही मानी ले. यासना पोटसारखी बोंडं फुगू दे." पोरांना गुदगुल्या होत. दुसऱ्या कोपऱ्यावर धुडकूने सांगितलं की त्याला जायचंय. "दम धर," लोटन म्हणाला आणि पावलं उचलू लागला. त्याचा सदरा नवा होता.

तिसऱ्या कोपऱ्यावर नवल भेटला. नावेतून उतरून, धोतर वर खोचून तो बांधावरून येत होता. समोरून येणारी वरात पाहून तो थांबला.

"काय शे मावशी? कोनं लगीन?"

"दह्यानं," धनुबाई म्हणाली. "रिकामा हातनी उभा नको ऱ्हाऊ. जसोदापासून ते पोरगं ले."

नवलने मुकाट्याने पोर घेतलं आणि बहिणीच्या मागे चालू लागला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "नाव सुटी जाई, कमल. दिवस कासराभर ऱ्हायना."

"चाल तू. बोलू नको."

तिच्या खांद्याला रग लागली होती. कपाशीच्या काट्याकुट्यांनी पावलं खरवडत होती. झिपरूचं डोकं तिच्या डोक्यावर टेकलं, मग घसरून मानेवर आलं. तो झोपला होता. त्याचा श्वास दह्याच्या वासाचा.

फेरा पुरा झाला तसा धुडकू खांद्यावरून उडी मारून ज्वारीत पळाला. खड्यांपुढे दिवा लागला. धनुबाईने पहिलं बोंड वेचलं. बोटांत धरून उन्हाकडे केलं, ओढून पाहिलं. धागा लांब निघाला. तिने ते सगळ्यांना दाखवलं नाही, नुसतं कनवटीला खोचलं. पण चुडामणने पाहिलं, आणि भाकरींचं गाठोडं सोडायला हरकत नाही हे त्याला समजलं.

कमलबाई उभीच होती.

"उभी काय ऱ्हायनी?" धनुबाई म्हणाली. "भाऊ इसन उभा शे. नाव काय तुन्हा बापनी शे? गाठोडं कडबाखाले शे ना, काढ."

कमलबाई पाया पडायला वाकली. वाकताना झिपरूचे हात तिच्या गळ्याभोवती आणखी घट्ट झाले. जसोदाबाई त्याला घ्यायला पुढे आली, तर त्याने झोपेतच पाय झाडला.

"ऱ्हाऊ दे," धनुबाई म्हणाली. "कमल, याले संगे ली जाय. घरनं दही याना पोटमा शे. आठव्वा दिनले दही बी परत येवाले पाहिजे, पोऱ्या बी, अन् तू बी. त्यानी माय काठवर वाट देखी. मी बी देखसू."

नाव सुटता सुटता सापडली. नावाडी शिव्या देत होता, पण त्याने बांबू उचलला नव्हता. दिवस पाण्याला टेकला होता. कमलबाई झिपरूला मांडीवर घेऊन बसली आणि दिवसभरात पहिल्यांदा पाय पसरले. पलीकडचे पांढरे बैल आता खरोखरचे बैल झाले होते, आणि ते तिच्या बापाचेच होते.

नवल जवळ सरकला. "मंग? सातव्वा दिनले ताप येई ना?"

कमलबाईने मांडीवर पाहिलं. दुसऱ्याचं पोर घेऊन कोण तापाने पडून राहील? आठव्या दिवशी जसोदाबाई काठावर उभी असेल. तिच्याशेजारी म्हातारीही. मग तिच्या ध्यानात आलं, की कडब्याखालचं गाठोडं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. ती इतकी हसली की नाव हलली.

"काय व्हयनं?" नवल म्हणाला.

"नही येवाव ताप. म्हातारीले समजेल शे."

"तिले कोनी सांगं?"

"कोनी कसाले सांगी? तिनं बी माहेर व्हतंच ना. तिले बी कवय तरी ताप उना व्हई."

झिपरूने डोळे उघडले. चहूकडे पाणी पाहिलं, अनोळखी मामा पाहिला, काकू आहे ना हे पाहिलं.

"काकू, मामाना घर दही शे का?"

"शे," नवल म्हणाला. "पन शिक्याले टांगेल शे. खूप उंच."

झिपरूने थोडा विचार केला.

"मंग माले खांदावर ले," तो म्हणाला.