कडू लागलं का?

श्रीपाद निमकरांनी अकरा वर्षांत मानेसरच्या कारखान्यातल्या निदान दोनशे माणसांना दाढी करायला लावली होती, आणि स्वतः मात्र बावीस वर्षं राखलेली दाढी कुरवाळत काचेबाहेर उभे राहिले होते. नियम करणाऱ्याला नियम लागत नाही, हा काही त्यांनी केलेला नियम नव्हता. तो त्यांच्या आधीपासूनचा होता.

कारखान्यात गाड्यांचे बंपर रंगत. रंगाच्या बूथमध्ये जाणाऱ्याला रबरी मास्क, आणि मास्क घट्ट बसायचा तर गालावर खुंट नको. वर्षातून एकदा चाचणी. मास्क घातलेल्या माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवायचं, आत कडू औषधाचा फवारा मारायचा, मान वळवायला, वाकायला, आकडे मोजायला लावायचे आणि विचारायचं, "कडू लागलं का?" लागलं, तर मास्क गळतो. मग माणूस बूथबाहेर, पॅकिंगला. सुरक्षा अधिकारी निमकरांच्या रजिस्टरात अकरा वर्षं एकाच टपोऱ्या अक्षरात एकच उत्तर होतं: नाही. त्या रजिस्टराचा त्यांना अभिमान होता. घरी कुणी विचारत नसे, तरी ते सांगत.

मग पुण्याच्या मुख्य कार्यालयातून फतवा आला. यंदापासून चाचणी घेणाऱ्यानं आधी स्वतः चाचणी द्यायची. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, मृणाल नावाच्या बाई येणार, त्यांच्यासमोर. नापास झाला तर चाचणीचं काम दुसऱ्याकडे आणि निमकरांची रवानगी गोदामावर. बावन्नाव्या वर्षी, मुलगी बारावीत असताना, खोके मोजायला.

रविवारी त्यांनी दाढी उतरवली. तीन पात्यांचं तयार रेझर, डब्यातला फेस, पंधरा मिनिटं. बाहेर आले तर वल्लरी पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "बाबा, तू सेम कौशल्याआत्या दिसतोयस यार."

रसिकानं चष्मा लावून नीट पाहिलं. ती केंद्र सरकारच्या कचेरीत होती. कागद असो की नवरा, तपासल्याशिवाय शेरा देत नसे. "हनुवटी इतकी मागे होती? लग्नात कुणी बोललं नाही मला."

सोमवारी गाल लाल झाला. मंगळवारी मानेवर पुळ्या उठल्या, एकेका केसाच्या बुडाशी एकेक. पुळ्यांवरून पातं फिरवायची हिंमत होईना, आणि न फिरवावं तर खुंट वाढतात. दाढी का राखली होती, हे बावीस वर्षांनी त्यांना आठवलं.

कंपनीची बस पाळीच्या चाळीस मिनिटं आधी पोचे. बुधवारी निमकर कपडे बदलायच्या खोलीत आरशासमोर मान वर करून उभे होते. शेजारच्या बेसिनवर मुरलीधर काळे दाढी करत होता. बूथमधला सर्वांत जुना रंगारी. पिंपरीहून इथे येऊन सोळा वर्षं झालेली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"साहेब, मधमाश्यांनी घर केलं का?"

"तीन पात्यांचा हा प्रताप, मुरलीधरराव."

"एक पातं केस ओढतं, दुसरं कापतं, तिसरं कातडीखाली गाडतं. मग तो केस वाट शोधत बसतो बिचारा. एकच पातं घ्या. ब्रश घ्या. साबण घ्या. आणि रग कमी करा."

दुसऱ्या दिवशी निमकर सारं सामान घेऊन आले, लोखंडी रेझर, ब्रश, साबणाची वाटी. शाळेत दाखल व्हायला आल्यासारखे दप्तर काखेत. मुरलीधरनं आधी त्यांना काही करूच दिलं नाही. "बोटं फिरवा. गालावर खाली जातात केस. मानेवर? बघा, आडवे. कानाकडे. प्रत्येकाचं रान वेगळं. आधी रान ओळखायचं, मग कोयता." रेझर तिरकं धरायचं, हातानं दाब द्यायचा नाही, त्याच्या वजनावर सोडायचं. पहिला हात सुलटा. उलटा हात महिनाभर विसरायचा.

निमकरांनी दाब दिला. अकरा वर्षं दाबच दिला होता, सवय जाते कुठे. हनुवटीवर रक्ताचा ठिपका आला. मुरलीधरनं तुरटीचा खडा पुढे केला आणि हसला नाही, याचंच निमकरांना जास्त लागलं.

घरी निराळंच. सोसायटीचं पाणी टँकरचं, इतकं जड की साबणाचा फेस व्हायच्या आत दही होई. निमकर साबण वाढवत गेले, दही वाढत गेलं. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातून आरओचा तांब्या भरला.

"पिण्याचं पाणी थोबाडाला?" रसिका दारात उभी. "बरं. मी भांडी बिसलेरीनं घासते मग."

"कारखान्यात फेस होतो गं. तिथलं पाणी शुद्ध असतं, रंगासाठी. डाग पडू नयेत म्हणून."

"म्हणजे बंपरला शुद्ध, आणि माणसाला टँकरचं." ती निघून गेली. जाताना दिवा मालवला नाही, एवढी दया.

आठवड्याभरात पुळ्या बसल्या. पण रोज पहाटे पाचला उठून, तासभर मान ताणून, बसमध्ये पेंगून निमकर थकले होते. काम नवं नव्हतं, वय नवं होतं. गुरुवारी, चाचणीच्या आदल्या सकाळी, मुरलीधर त्यांचा जबडा अंगठ्यानं चाचपत होता.

"उद्या कडू लागलं तर काय करायचं?" निमकरांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, निसटलं.

"कडू तर सगळ्यांनाच लागतं, साहेब. सांगतं कोण?"

निमकर आरशातूनच बघत राहिले. मुरलीधर खोकला, थुंकला, नळ सोडला. त्याच्या डाव्या गालात, दाढा काढलेल्या जागी, खळगा होता. त्या खळग्यावर कुठलाही रबर बसणं शक्य नव्हतं. हे कळायला फक्त बोट फिरवायचं होतं. काचेबाहेरून दिसण्यासारखं नव्हतं ते.

"किती वर्षं?"

"दाढा पडल्या तेव्हापासून. सात. तुम्ही 'लागलं का' असं विचारता, साहेब, की नाही म्हणावंच लागतं. आणि पॅकिंगला कोण जाईल या वयात? दिवसभर उभं."

शुक्रवारी चौदा रंगारी रांगेत उभे होते. मृणालबाई तिशीच्या, हातात टॅबलेट, बोलायला सौम्य. "निमकरसर, तुमच्यापासून." फवाऱ्याचा फुगा दाबायला मुरलीधरला उभं केलं.

टोपड्याच्या आत आवाज लांबून येत होते. मान डावीकडे, उजवीकडे. वर, खाली. निमकर आकडे मोजू लागले. सदतिसाच्या आसपास जिभेच्या टोकाला ते आलं. कारल्यासारखं नाही, अॅस्पिरिन चघळल्यासारखं. जबड्याखाली कुठेतरी बोटभर रान राहून गेलं असावं.

मुरलीधरला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. फुगा दाबता दाबता त्यानं मान हलवली, अगदी थोडी. नका सांगू.

नाही म्हणायचं, टोपडं काढायचं, रजिस्टर उघडायचं. संध्याकाळच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून झोपायचं. सोपं होतं. पण आज आणि पुढे दरवर्षी काचेबाहेर उभं राहून चौदा जणांचं 'नाही' लिहायचं, प्रत्येकाचं खोटं ओळखून लिहायचं, तेही रोज पाचला उठून. खोटं निभवायला अंगात धमक लागते, आणि निमकरांच्या अंगात आज काहीही शिल्लक नव्हतं.

"निमकरसर? कडू लागलं का?"

"लागलं."

"नक्की?"

"चांगलंच लागलं."

बाईंनी टॅबलेटवर काहीतरी टिपलं. रांगेत कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. निमकर टोपडं काढून बाकावर बसले. गालाची आग होत होती.

पुढचा मुरलीधर. फुगा आता बाईंच्या हातात. त्यानं मान फिरवली, वाकला, आकडे मोजले, बाराला थांबला. थांबून निमकरांकडे पाहिलं, जरा रागानंच.

"लागलं," तो म्हणाला. "पहिल्या फवाऱ्यालाच."

दुपारी जेवणाच्या घंटेपर्यंत चौदातले नऊ जण 'लागलं' म्हणून झाले. बूथ बंद. मॅनेजरचे फोन सुरू, एकामागून एक. बाई व्हरांड्यात पुण्याशी बराच वेळ बोलून आल्या.

"तुमचं काय करायचं ते सोमवारी कळवतील," त्या निमकरांना म्हणाल्या. "गोदाम ठरलंच आहे असं समजू नका, नाही असंही समजू नका. तोवर या सगळ्यांच्या चेहऱ्यांची मापं घेऊन ठेवा. तुमच्याशिवाय कुणाला येणार?"

त्या गेल्यावर मुरलीधर येऊन शेजारी बसला. बराच वेळ खोकला.

"झालं समाधान? मला पॅकिंगला टाकाल."

"तुमच्या गालावर बसणारा मास्क मिळाला तर नाही टाकणार."

"आणि नाही मिळाला तर?"

निमकर खिशात मोजपट्टी शोधू लागले.

"किती मापं येतात बाजारात?"

"तीन."

"तीन मापं, चौदा थोबाडं," मुरलीधर म्हणाला. "बरंय."

मोजपट्टी काही सापडेना. बोटं होतीच. उठताना गुडघा वाजला. "बसा तसेच, उजेडाकडे तोंड करून," ते म्हणाले. "तुमच्यापासूनच घेतो."