आधी उडी, मग हलगी

मित्रांनो, मी नळदुर्गची रेवडी. नाव खाऊचं असलं तरी मी घोडी आहे, आणि म्हातारी आहे. म्हातारी म्हटलेलं मला खपत नाही, पण वयाची पंधरा वर्षं झाली, आता लपवून काय उपयोग? पांढऱ्या अंगावर तिळासारखे ठिपके आहेत, म्हणून हे नाव पडलं.

माझा पहिला मालक बंडप्पा. लग्नाच्या वरातीत नवरदेव माझ्यावर बसायचे आणि पुढे बालाजीमामा हलगी वाजवायचे. हलगी घुमली की थांबायचं आणि जागच्या जागी पाय उचलायचे, हे मला काठीच्या धाकानं शिकवलं होतं. काठी नंतर गेली, पण हलगी पायांत राहिली. परंड्यापर्यंत माझ्यासारखी नाचणारी दुसरी नव्हती. हे मी नाही, लोक म्हणायचे. मी फक्त ऐकून घ्यायचे.

मग एका वरातीत माझ्या पायाशी फटाक्यांची माळ फुटली. मी घाबरले आणि समोरची काकड्यांची हातगाडी एका उडीत ओलांडली, नवरदेवासकट! नवरदेवाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त फेटा काकड्यांत पडला. पण त्या दिवसापासून मला कोणी वरातीला नेईना. गोठ्यामागे बांधलेली मी, अंगावर गोमाश्या, बादली कोरडी. काल कौतुक करणारे आज तोंड फिरवून जायचे. फार वाईट वाटायचं.

ती उडी मात्र एका माणसानं नीट पाहिली होती. महांतप्पा फौजेच्या घोडदळात होते, निवृत्त होऊन गावी आले होते. ते बंडप्पाला म्हणाले, "हिचा नाच लई झाला. आता माझ्या नातीला द्या, ती पळवील हिला." नात म्हणजे श्रीदेवी, कॉलेजात शिकणारी. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या कपाळाला कपाळ लावलं. झालं, मी विरघळले.

श्रीदेवी घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरायची. माळावरचे ओंडके, चर, पाण्याचा खड्डा, सगळं ओलांडत दोन-तीन किलोमीटर पळायचं. खालच्या गटातून वरच्या गटात जायचं, तर एकाही अडथळ्यापाशी न अडता दोन शर्यती पळाव्या लागतात. एकदा आम्ही तसं पळालो. दुसऱ्या वेळी, सोलापूरजवळच्या माळावर, आमची अख्खी गल्ली टेम्पो भरून आली. शेवटच्या ओंडक्यापाशी मला जोर यावा म्हणून बालाजीमामांनी हलगी तापवून ठेवली होती. मी जवळ येताच त्यांनी जीव ओतून वाजवली.

आणि मी थांबले. थांबले आणि नाचू लागले! लोक हसले, श्रीदेवी टाचा मारून मारून थकली, आणि मी मान डोलावून अजूनच छान नाचले. मला वाटलं, कौतुक चाललंय. तिचे अश्रू माझ्या मानेवर पडले, तेव्हा कळलं की काहीतरी फार चुकलंय.

घरी आल्यावर श्रीदेवी आजोबांना म्हणाली, "अज्जा, बालाजीमामांना सांगा, परत येऊ नका म्हणावं. यंदाची एकच शर्यत राहिली. रेवडीचं वय झालंय. आता न्हाय जमलं, तर वरचा गट कधीच न्हाय."

"व्हय, पण चूक ना त्याची, ना हिची," अज्जा म्हणाले. "शिकवलं तेच केलं तिनं. मारून विसरायला लावायचं न्हाय. बालाजीलाच रोज बोलव."

बालाजीमामा आले ते मान खाली घालून. "पोरी, माझ्याच हातानं वाटोळं झालं बघ," म्हणाले. त्यानंतर रोज संध्याकाळी ते हलगी पोटाशी धरून माळावर उभे राहायचे. मी ओंडका ओलांडला की श्रीदेवी ओरडायची, "वाजवा मामा!" मग मी मनसोक्त नाचायचे. पहिले आठ दिवस मी मामांना पाहूनच थबकायचे. श्रीदेवी मान थोपटून म्हणायची, "आत्ता न्हाय गं बाई, नंतर." कोणी काठी उगारली नाही.

शेवटची शर्यत आली. चर ओलांडला, पाणी ओलांडलं. पुढे शेवटचा ओंडका, आणि बाजूला आमची गल्ली, तोंडावर हात ठेवून उभी. आमच्या गल्लीतली माणसं गप्प, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं! बालाजीमामा दिसले आणि माझे पाय जड झाले. "आत्ता न्हाय गं बाई," कानाशी आवाज आला. मी उडी मारली, रेषा ओलांडली. आम्ही वरच्या गटात गेलो!

श्रीदेवी उतरून माझ्या गळ्यात पडली. पण हलगी? बालाजीमामा अजून गप्पच. पुन्हा काही बिघडेल या भीतीनं त्यांनी हलगी वाजवायच्या काड्या खिशात घातल्या होत्या, आणि नुसते डोळे पुसत होते. असं कसं चालेल? ठरलं होतं ना आपलं? मी आपणहून एक पाय उचलला, मग दुसरा. मामांनी पाहिलं, हसले, रडले, आणि घाईघाईनं काड्या काढल्या. आयुष्यभर माझे पाय हलगीच्या मागे गेले होते. त्या दिवशी हलगी माझ्या पायांमागे आली.

मित्रांनो, आता माझ्या गुडघ्यांना रोज तेल लागतं, आणि ते श्रीदेवी स्वतः चोळते. तुमच्या दारातलं एखादं जनावर चुकलं, तर काठी उचलण्याआधी एवढंच विचारा, हे त्याला शिकवलं कोणी? आणि त्याला 'नंतर' म्हणालात, तर ते 'नंतर' विसरू नका. आम्हांला बोलता येत नाही, पण आम्ही वाट बघत असतो.