दादाच्या वाट्याच्या कांड्या

बारक्या साठीला टेकला तरी बारक्याच राहिला, कारण त्याला तशी हाक मारणारा दादा अजून हयात होता. दोघे भाऊ एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ मांडून लाकूड कातत. आधी पलंगाचे पाय, मग लाटणी, मग पडद्याच्या दांड्यांची बोंडं, आणि ते सगळं प्लॅस्टिकने गिळल्यावर जादूच्या कांड्या. खेळण्यांच्या दुकानाची बाई दर शनिवारी येऊन खोकी घेऊन जायची. जग कुठे चाललंय कोण जाणे, पण लाकडी लाटण्याला नाक मुरडणारे लोक पोरांसाठी या हातभर कांडीला रांग लावत होते.

कांडी कातणं दिसतं तेवढं सोपं नाही. टोकाकडे ती पेन्सिलीपेक्षा बारीक होते आणि गरगर फिरताना मधोमध लवते. उजव्या हातात पटाशी धरायची आणि डाव्या हाताची बोटं मागून लाकडाला अलगद टेकवून ठेवायची. ती बोटं जरा ढिली पडली की लाकूड थरथरतं, त्याच्या अंगावर वळ उठतात, नाहीतर कांडी काडकन मोडते. आणि तीन वर्षांपूर्वी दादाच्या नेमकं डाव्याच अंगावरून वारं गेलं होतं.

तो पुन्हा चालता-बोलता झाला, पण हात काही पूर्वीचा राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, कामात गुंतवा, नाहीतर माणूस खचेल. बारक्याने ते मनावर घेतलं, जरा जास्तच घेतलं. रोज सकाळी साडेआठला तो दादाच्या दारात जाऊन उभा राहायचा आणि त्याला शेडवर घेऊन यायचा. दिवसाला वीस कांड्या लागत, दहा याच्या, दहा त्याच्या. दादाच्या दहातल्या आठ तरी वाया जायच्या. दुपारी दादा जेवून आडवा व्हायला घरी गेला की बारक्या त्या वाया गेलेल्या कांड्या फळ्यांमागच्या पोत्यात कोंबायचा आणि दादाच्या खोक्यात स्वतः कातलेल्या ठेवायचा. चारला दादा परत येऊन खोक्यात डोकावायचा आणि म्हणायचा, "बऱ्या झाल्यात." बारक्या मान डोलवायचा.

तीन वर्षं हे असं चाललं होतं. बारक्याचा खांदा रात्रंदिवस ठणकायचा, जेवताना घास हातातच राहून डोळा लागायचा. बायको म्हणायची, सरळ सांगून टाका एकदा. हा म्हणायचा, काम सुटलं तर दादा महिनाभरही तगायचा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. कधीकधी त्याला दादाचा रागही यायचा. मग रागाची लाज वाटायची, आणि त्या लाजेपायी दुसऱ्या दिवशी तो पाच मिनिटं आधीच दारात जाऊन उभा राहायचा.

तशात सुट्ट्या तोंडावर आल्या. बाईने महिनाभर रोजच्या चाळीस कांड्या मागितल्या. बारक्या नाही म्हणायला तोंड उघडणार तोच दादा बोलून मोकळा झाला, "वीस वीस करू की."

पहिले तीन दिवस त्याने कसेबसे रेटले. चौथ्या दिवशी दुपारी, दादाच्या वाट्याची अकरावी कांडी कातताना, उभ्या उभ्याच त्याला डुलकी लागली. पटाशी लाकडात अडकली, कांडी मोडली आणि तुकडा भुवईवर येऊन बसला. तो डोळा धरून खाली बसला, लेथ आपली फिरतच होती. मग ती बंद झाल्याचं त्याला ऐकू आलं. बटणापाशी दादा उभा होता. घरी झोप येईना म्हणून तासभर आधीच आला होता.

दादाने एका हाताने रुमाल ओला केला आणि बारक्याच्या कपाळावर दाबून धरला. डोळा वाचला होता. दाबता दाबता दादाची नजर आपल्या खोक्याकडे गेली. बारक्या घाईघाईने काहीतरी सांगायला लागला, पण दादाने त्यातली एक कांडी उचलून मुठीजवळचा कातलेला मणी त्याच्यासमोर धरला.

"हा तुझा मणी. तू डावी बाजू आधी उतरवतोस, मी उजवी. तुला शिकवताना मीच डोकं फोडून घेतलं होतं, पण तू ऐकलं नाहीस."

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच आठवड्यात. मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून काय घरच्यांना दिसत नाही?"

बारक्या रागावूनच म्हणाला, "मग येत कशाला होतास?"

"तू रोज दारात येऊन उभा राहायचास." दादा लाकडाच्या ढिगावर टेकला. "म्हटलं, याला एकट्याला करमत नसेल. जन्मभर बरोबर काम केलं, आता कुठे सोडू याला. तुझी वहिनी मला साडेपाचला उठवते रे. एका हाताने आंघोळ, एका हाताने बटणं. तू येईपर्यंत मी दमलेला असतो." त्याने डावा हात उजव्याने उचलून मांडीवर ठेवला. "मी फार थकलोय, बारक्या."

"मी पण," बारक्या म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भुवईमुळे, असं सांगायची सोय होती, पण त्याने सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याने दुकानाच्या बाईला फोन करून सांगितलं, रोजच्या वीसच मिळतील. बाईने बरीच कुरकुर केली आणि मग कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दादाच्या गल्लीत वळलाच नाही, सरळ शेडवर गेला. तीन कांड्या कातून झाल्या होत्या. त्यातली एक फारच नेटकी उतरली, म्हणून ती दाखवायला तो मागे वळला. दुसऱ्या लेथवर कालचा भुसा तसाच होता.

दहाच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"भाऊजी, हे अजून झोपलेत. साडेपाचला उठवलं तर कूस बदलून पुन्हा घोरायला लागले. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही. उठवू का? तुम्ही वाट बघत असाल."

बारक्या खरंच वाट बघत होता. तीन वर्षं ज्या दिवसासाठी तो देवाला विनवत होता तो उजाडला होता, आणि दादाने आत्ता दारातून यावं, दहाच्या दहा कांड्या वाया घालवाव्यात, असं त्याला फार वाटत होतं.

"नको वहिनी," तो म्हणाला. "झोपू द्या त्याला."