खुणेपेक्षा हळू

धरणाच्या वरच्या अंगाला डोंगर खचला आणि आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्याऐवजी चहा यायला लागला. साहेबांनी सांगून टाकलं, दुपारपर्यंत पाणी निवळलं नाही तर शहराचा व्हॉल्व्ह बंद. शहराने एक दिवस तोंड धुतलं नसतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण इस्पितळातल्या डायलिसिसच्या यंत्रांना ढिगाने पाणी लागतं, आणि दुपारच्या पाळीला तिथेच दाखल असलेली माझी ताई होती. तिची आधीची पाळी यंत्र बिघडल्यामुळे हुकली होती. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. ही पाळी हुकून चालणारच नव्हती.

मी तिथल्या प्रयोगशाळेत असते. मला सगळे मिरची म्हणतात. पाठीमागेच म्हणतात, पण ऐकू येतं.

पाण्यातली बारीक माती म्हणजे निव्वळ भाऊबंदकी. सगळ्या कणांवर एकाच प्रकारचा विद्युतभार, त्यामुळे कुणी कुणाला जवळ येऊ देत नाही, आणि एकेकटा इतका हलका की तळाशी बसायचं नाव घेत नाही. तुरटी मध्ये पडून भांडण मिटवते. मग कण एकमेकांना धरतात, पुंजके होतात, जड होऊन खाली बसतात. तुरटी किती घालायची ते आम्ही ओळीने ठेवलेल्या काचेच्या भांड्यांत ढवळून बघतो. आधी जोरात, ती सगळीकडे पोचावी म्हणून. मग हळू, कणांनी एकमेकांना गाठावं म्हणून. हळू म्हणजे किती, याची खूण कुणीतरी यंत्राच्या बटणापाशी लाल नेलपॉलिशने करून ठेवलेली. ते टिंब आमच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

त्या सकाळी मी तुरटी वाढवली, कमी केली, चुना घालून पाहिला. पुंजके दिसायचे आणि विरून जायचे. यंत्राला मनसोक्त शिव्या घालून पुन्हा एक खेप लावली, तेवढ्यात ताईचा फोन आला.

यंत्र खडखडत होतं आणि तिचा आवाज धापेने बारीक झालेला. ऐकू यावं म्हणून मी बटण टिंबाच्याही बरंच खाली ओढलं. ती पाण्याचं विचारेल म्हणून मी धास्तावले होते. तिने विचारलं, मी जेवले का. मग शेजारच्या खाटेवरच्या बाई कशा घोरतात त्याची नक्कल केली. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

फोन ठेवून वळले आणि जागच्या जागी उभी राहिले.

भांड्यांत पुंजके धरले होते. ताकावर लोणी यावं तसे, मोठे, घाई नसलेले. मी ढवळणारी पाती थांबवली. ते सावकाश खाली उतरू लागले आणि भांड्यापलीकडचं घड्याळ आधी पुसट, मग काट्यांसकट दिसलं. इतकी वर्षं हेच बघतेय, तरी अंगावर काटा आला. डोंगराची ही माती नेहमीच्या गाळापेक्षा बारीक, तिचे पुंजके नाजूक, आणि आमच्या लाडक्या टिंबाचा वेग ते जुळल्या जुळल्या मोडत होता.

फोरमनकडे धावले, म्हटलं टाकीतली मोठी पाती मंद करा. ते म्हणाले, गाळ तिथेच बसेल, मग साफ कोण करणार? मी म्हटलं, मी उतरते फावडं घेऊन. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि वेग कमी केला.

पुढच्या टाकीत पाणी निवळायला लागलं. आतल्या भिंतीवरच्या शिडीची एकेक पायरी खालपर्यंत दिसत गेली. साहेबही येऊन उभे राहिले. अख्खा डोंगर आमच्या डोळ्यांदेखत आवाज न करता खाली बसत होता. मला हात जोडावेसे वाटले, कुणाला ते कळेना.

व्हॉल्व्ह उघडाच राहिला. दुपारी ताईचं यंत्र सुरू झालं.

संध्याकाळी शहराकडे जाणाऱ्या पाण्याची बाटली भरून तिच्याकडे गेले, नुसती दाखवायला. तिला दिवसाला छोटा पेलाभरच पाणी चालतं, आणि एरवी ते दुपारच्या आत संपवून ती नर्सशी बर्फासाठी हुज्जत घालते.

तिने बाटली दिव्यासमोर धरली. "हा डोंगर होता?"

"हो."

तिने पेला पुढे केला. मी म्हटलं, तुझं आजचं पाणी पिऊन झालं असेल.

"सकाळपासून घोटभरही नाही प्यायले," ताई म्हणाली. "तुझं पाणी येईल म्हणून ठेवलं होतं."

माझ्याच्याने झाकण उघडेना. तिनेच उघडलं.