दहा वर्षांची हमी

शनिवारी सकाळी अकरा वाजता दाराची घंटा वाजली आणि फ्लॅट बघायला माणसं आली. त्या वेळी प्लंबर अर्ध्या चड्डीत होता, बायकोच्या केसांतून खारं पाणी गळत होतं, मुलगी हॉलच्या फरशीवर पायांची वाळू झाडत होती आणि आई बाल्कनीत ओले टॉवेल वाळत घालत होती.

फ्लॅट प्लंबरच्या साडूचा. गर्दीचा हंगाम ओसरला की दरवर्षी हे चौघं समुद्राकाठच्या या गावात चार दिवस येऊन राहत. भाडं पडत नाही, ही त्यांच्या लेखी गावाची सर्वांत मोठी शोभा. बाकीचा खर्च कसा टाळायचा, ते आता अंगवळणी पडलं होतं. चादरी, कुकर, तांदूळ, चहा-साखर सगळं घरून यायचं. हॉटेलांचे मेनू बाहेरच्या फळ्यावर उभ्याउभ्या वाचून व्हायचे, ‘एवढं काही खास नाही’ असा निकाल लागायचा आणि मंडळी भात लावायला परतायची. किनाऱ्यावरच्या भाड्याच्या खुर्चीत आई ऐसपैस बसायची. पैसे गोळा करणारा माणूस शेजारच्या खुर्चीशी आला, की नेमकं तेव्हाच तिला पाय मोकळे करावेसे वाटायचे.

यंदा किल्ली देताना साडू म्हणाला होता, “विकायला काढलाय हो. कुणी बघायला आलं तर नीट दाखवा, म्हणजे झालं.”

फ्लॅट विकला गेला, की सुट्टी संपली. यंदापुरती नव्हे, कायमची. प्लंबरची बायको कपडे अल्टर करण्याच्या दुकानात वर्षभर मशीनवर वाकलेली असते. या चार दिवसांतच काय ती तिची मान सरळ होते. त्यामुळे पहिल्याच रात्री तिने नवऱ्याला धोरण सांगून टाकलं. फ्लॅट दोन वर्षं पडून होता तो बाथरूमच्या कृपेने. नळ गळत होता, पाइपचा सांधा पाझरत होता आणि फ्लश ओढला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं.

“आपण लबाडी करायची नाही,” ती म्हणाली. “भाऊजींचं मीठ खाल्लंय. आपण फक्त गप्प बसायचं. काय बोलायचं ते बाथरूम बोलेल.”

धोरणात खोट नव्हती. पण गळत्या नळाच्या आवाजात प्लंबरला झोप लागत नाही. मागच्या वर्षी तो कानात कापूस घालून झोपला होता. यंदा कापूस घरी राहिला. अवजारांची पिशवी मात्र आली होती. ती त्याच्याबरोबर लग्नकार्यालासुद्धा जाते. सकाळी बायको उठून पाहते, तर नळ गप्प, सांधा नवा, फ्लश गुणी मुलासारखा वागतोय. हाताशी वेळ उरला म्हणून त्याने खिडक्यांच्या बिजागऱ्यांनाही तेल दिलं होतं.

“अहो, हे काय करून ठेवलंत?”

“गळत होतं.”

“आणि सामान कुठून आणलंत?”

प्लंबरने नळ एकदा उघडून बंद करून दाखवला. सामान रात्रीच दुकानदाराला उठवून, सुट्टीच्या पैशांतून आलं होतं. बोटीतली फेरी त्या पाइपात गेली होती.

बघायला आलेले गृहस्थ निवृत्त शाळा-निरीक्षक होते. सोबत त्यांची पत्नी आणि हातात टॉर्च. दिवसाउजेडी टॉर्च लावून ते प्रत्येक कोपऱ्यात डोकावत होते.

“खारी हवा आहे हो,” प्लंबरची बायको म्हणाली. “खिडक्या अगदी जाम होतात.”

निरीक्षकांच्या पत्नीने खिडकी ढकलली. ती अलगद उघडली.

“वारा तर इतका सुटतो, की विचारू नका.”

“म्हणून तर टॉवेल कसे झटकन वाळतात!” बाल्कनीतून आई आनंदाने म्हणाली. ती लवकर झोपते, त्यामुळे धोरण तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

मग सगळे बाथरूमपाशी आले. निरीक्षकांनी नव्या सांध्यावर टॉर्च मारला, नखाने टकटक केलं आणि मान हलवली. “हे थातूरमातूर काम दिसतंय. विकायला काढलं की मालक अशी मलमपट्टी करून घेतात. महिनाभरात सुटेल.”

“अगदी बरोबर ओळखलंत,” प्लंबरची बायको मनापासून म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर सुट्टी दिसली.

प्लंबरला बायकोची बोलणी खाता येतात. साडूचे टोमणे तर त्याने कधी मनावर घेतलेच नाहीत.

“साहेब, जरा बाजूला व्हा,” तो म्हणाला. अर्ध्या चड्डीनिशी पुढे होऊन त्याने पाइप दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. पाइप जागचा हलला नाही. “मलमपट्टी? दहा वर्षं थेंब पडणार नाही. लिहून देऊ?”

बायकोला खोकल्याची उबळ आली. पण उशीर झाला होता.

“कुणी केलंय हे?”

“मी.”

निरीक्षकांनी टॉर्च विझवला. उद्या सकाळी पुन्हा एकदा येऊन जातो, म्हणाले.

दुपारी भात वाढताना बायको म्हणाली, “मी काही फार मागत नाही. तेवढा नळ थोडा सैल करून ठेवा. अर्धा आटा.”

“मी? सैल?” तिने त्याला देवळातून चपला चोरायला सांगितलं असावं, असा त्याचा चेहरा झाला.

“मग पुढच्या वर्षी बसा घरी, आणि ऐका तुमचा न गळणारा नळ!”

“बाबा, मी करू सैल?” मुलीने विचारलं.

“जेव गुपचूप,” दोघं एकदम म्हणाले. त्या दिवसात त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

रविवारी निरीक्षक आले. नळाला कान लावून बराच वेळ उभे राहिले आणि समाधानाने बाहेर पडले. जाताना त्यांच्या पत्नीने प्लंबरचा फोन नंबर घेतला. “आम्ही घेतलाच, तर दरवर्षी येऊन एकदा बघून जात जा हं. हमी दिलीय तुम्ही. मागची खोली रिकामीच असेल.”

“चौघांनी यायचं?” बायकोने विचारलं.

बाई हसल्या. तेवढ्यात लिफ्ट आली.

परतीच्या बसमध्ये त्या हसण्याचा अर्थ लावण्यात सगळा रस्ता संपला. आईच्या मते ते आमंत्रण होतं. बायको म्हणत होती, बोलावलंय ते पाहुणा म्हणून की पाना घेऊन, एवढं तरी विचारायचंत. प्लंबर म्हणाला, पाना काय, तो असतोच बरोबर.

घरी पोचल्यावर साडूचा फोन आला. पार्टी खूश आहे, पण किंमत उतरवून मागते आहे. त्याने मंगळवारपर्यंत विचार करायला वेळ घेतलाय. बाईंचा फोन अजून आलेला नाही.