झोका बसल्याचा, झोका उभ्याचा

सेंट जॉर्जच्या सणाला अक्रोडाच्या फांदीला झोका बांधायचा, शेजारी वजनकाटा टांगायचा आणि लहानथोर सगळ्यांनी वर्षभराच्या तब्येतीसाठी वजन करून उभ्याने झोका घ्यायचा, ही गावाची रीत. त्या काट्यापाशीच उभं राहून नेवेनाने छातीठोकपणे सांगून टाकलं, “झोक्यावर पेन्कोकाका असोत नाहीतर राडा, दहा हेलकाव्यांना वेळ सारखाच! वजनाचा संबंधच नाही. दोरी किती लांब, एवढंच बघायचं.”

तिला प्लोव्दिव शहरातल्या गणिताच्या शाळेत जायचं होतं आणि बाबा महिनाभर नुसतं “बघू” म्हणत होते. कोकरू भाजता भाजता ते म्हणाले, “तुझं म्हणणं खरं निघालं तर जा. नाहीतर इथलीच शाळा बरी.”

धिप्पाड पेन्कोकाका गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत फळीवर बसले. एक हलका धक्का, मग कुणी हात लावायचा नाही. दहा हेलकाव्यांना नेवेनाच्या घड्याळात एकोणचाळीस सेकंद. चुलतबहीण राडा, काटकुळी, रीतीप्रमाणे उभी राहिली. छत्तीस!

“हलकं ते चपळ!” काका खदखदून हसले. “पोरी, तुझ्या पुस्तकाला भूक लागलीय. कोकरू खाऊ घाल त्याला!”

नेवेनाचे कान तापले. दोरी तीच, फांदी तीच. मग बदललं काय? राडा अजून झुलत होती, आणि काकांचं डोकं होतं तिथे तिची कंबर होती. अगं बाई! झुलतं ते माणूस, नुसती फळी नव्हे. उभ्या माणसाचं वजन वर सरकतं. म्हणजे झोकाच आखूड झाला!

“राडा, खाली बस!”

“आजच्या दिवशी बसून? वर्षभर आळस भरेल ना!”

“तुझा आळस मी घेते. बस गं!”

एकोणचाळीस.

बाबा हात पुसत आले. “म्हणजे आधीचं चुकलंच होतं की तुझं.”

“वजनाचं बरोबर होतं. लांबीचं चुकलं,” नेवेना म्हणाली. “दोरी मोजली, माणूस मोजायचं राहिलं.”

बाबा सरळ फळीवर चढून उभे राहिले. “मला किती लागतील?”

तिची नजर त्यांच्या पट्ट्यावर गेली. “छत्तीस... नाही, तुम्ही राडाहून उंच. पस्तीस.”

दहावा हेलकावा संपला, तिने घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. पस्तीस. बाबा दोरी धरून तसेच उभे.

“प्लोव्दिवची बस सकाळी किती वाजता असते गं?”

“स्तामेन!” काका बाबांवर ओरडले, “कोकरू करपतंय!”